वजन कधी वाढवायचं? : प्रस्तावना

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. १९६१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत त्याआधीची तीन वर्षं नरसिंग यादव यांची होती. म्हणजे सलग तीन गदांचा मान मिळवणारा दुसराच मल्ल खानदेशातल्या एका खेड्यातून आला. कोल्हापूर, सांगली, पुणे ही कुस्तीची घराणी मानली जातात. त्यांच्या पंक्तीत जळगाव-धुळ्याचं नाव बसल्याचा अभिमान इथल्या प्रत्येक तरुणाला आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या अभिमानापोटी व्यायामशाळेत नाव घालणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांच्या अंगात दोन वर्षांनीही फारसा फरक पडलेला नसतो, हेही तितकंच खरं. कुणी पोलीस भरतीसाठी येतो, त्याला ७.२६ किलोचा गोळा लांब फेकायचा असतो. कुणाला नुसतं अंग भरायचं असतं. मेहनतीत कुणीच कमी नसतो. तरीही बहुतेक जण तीन-चार महिन्यांत एका जागी येऊन थांबतात आणि मग दोष नशिबाला, हाडापेराला किंवा घरच्या खाण्याला देतात. माझ्या मते दोष आराखड्याचा आहे. नेमकं सांगायचं तर ज्याला आराखडा म्हणून हातात दिलं जातं, त्या कागदात आराखडा नसतोच.

तो कागद कसा असतो, हे जिमच्या भिंतीकडे पाहिलं की कळतं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय. प्रत्येक दिवसापुढे पाच-सहा व्यायामांची नावं, त्यापुढे तीन सेट, दहा रेप. कोणता व्यायाम कोणत्या वारी करायचा एवढं त्यातून कळतं. वजन किती घ्यायचं, ते कधी वाढवायचं, किती वाढवायचं, वाढवून जमलं नाही तर काय करायचं, यातलं काहीही त्यावर नसतं. म्हणून जूनमध्ये ४० किलोवर बेंच प्रेस मारणारा मुलगा डिसेंबरातही ४० किलोवरच असतो. घाम तेवढाच गाळतो, पण त्याच्या शरीराला बदलण्याचं कारणच उरलेलं नसतं. स्नायू आपल्यावर पडणाऱ्या ताणाशी जुळवून घेतो, आणि जुळवून झालं की थांबतो. पुन्हा ताण वाढला तरच तो पुन्हा वाढतो. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीवर उभं आहे. ताकदीचा आराखडा हा वजन वाढवण्याचा नियम असतो, आणि तो नियम त्या त्या शरीराच्या नोंदीवर चालतो. व्यायामांची यादी त्याच्यानंतर येते.

हा नियम कुणी परदेशातून आणून आपल्याला शिकवला, असा समज करून घेण्याचं कारण नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांची मेहनत नोंदवलेली आहे. वजन घेऊन करायचा भारश्रम तिथे पोहणं, चालणं आणि खांबाची मेहनत यांच्यापासून वेगळा काढलेला दिसतो. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’त जोर, बैठका, जोडी, मल्लखांब यांचे शेकडो प्रकार पद्धतशीर मांडलेले आहेत. आपल्या तालमींतल्या वस्तादांनाही वाढीचं तत्त्व पक्कं ठाऊक होतं. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर कुणी मारायला लावत नसे. आकडा हळूहळू चढायचा, हलकी जोडी हातात बसली की जड जोडी मिळायची. तेव्हा तालीम विरुद्ध जिम असा जो वाद गावोगाव ऐकू येतो, तो मला निरर्थक वाटतो. दोन्हीकडे चढता ताण हेच मर्म आहे, आणि दोन्हीकडे तेच विसरलं गेलं की मेहनत वाया जाते.

मात्र तालमीच्या साधनांना एक मर्यादा आहे, ती आदर राखूनही सांगितली पाहिजे. जोर मारताना हातांवर अंगवजनाच्या साधारण दोन तृतीयांश भार येतो. तो भार काही वाढवता येत नाही, वाढतो तो फक्त आकडा. पन्नासाचे दोनशे, दोनशेचे पाचशे झाले की दम वाढतो, चिकाटी वाढते, सांधे सरावतात. कुस्तीला या सगळ्याची गरज आहेच. पण एका झटक्यात लावायची जास्तीत जास्त ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हलक्या आणि जड वजनांची तुलना करणारे प्रयोग एकत्र तपासले. सेट थकव्याच्या टोकापर्यंत नेला तर हलक्या वजनानेही स्नायूचा आकार जवळपास तितकाच वाढतो, पण सर्वाधिक वजन एकदा उचलण्याची ताकद जड वजनानेच जास्त वाढते, असं त्यातून निघालं. नुसत्या जोर-बैठकांवर अंग भरलेले पैलवान दिसतात, ते खोटं नाही, हा त्याचा अर्थ. आणि तीच मेहनत करणाऱ्याला जड नाल उचलताना अडचण का येते, याचंही उत्तर त्यातच आहे. नालेचं तर आणखी एक आहे. ती एकाच वजनाची असते, उचलली तर उचलली, नाही तर नाही. मधल्या पायऱ्याच तिथे नाहीत. लोखंडी रॉड आणि सुट्या प्लेट यांनी नेमक्या त्या मधल्या पायऱ्या दिल्या.

त्या पायऱ्यांचा शास्त्रीय हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तो व्यायामशाळेत नव्हे, इस्पितळात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे-मांड्या जायबंदी झालेले सैनिक मोठ्या संख्येने होते. हलक्या वजनावर पुष्कळ वेळा पाय हलवून घ्यायचे, हा तेव्हाचा प्रघात. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने तो मोडला आणि जड वजन थोड्या वेळा उचलून घ्यायला सुरुवात केली. त्याचा लेख १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर त्याने ही पद्धत तीन सेटवर आणली. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन आधी काढायचं. मग पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊणपटीवर, तिसरा पूर्ण वजनावर. आज भिंतीवरच्या प्रत्येक कागदावर जे ‘तीन सेट, दहा रेप’ दिसतं, त्याचं एक मूळ इथे आहे. पण आपण त्यातला आकडा उचलला आणि आत्मा सोडून दिला. डीलॉर्मच्या पद्धतीत दहा वेळांचं ते वजन ठरावीक काळाने पुन्हा मोजलं जाई आणि पुढचे सेट नव्या वजनावर ठरत. तीन आणि दहा हे आकडे बदलले तरी चालतं. पुन्हा मोजणं सुटलं की पद्धतच सुटली.

आता हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका उदाहरणाने पाहू. साठ किलो वजनाचा, नव्याने सुरू करणारा मुलगा घ्या. बसणं, ढकलणं, ओढणं आणि जमिनीवरून उचलणं, एवढ्या चार हालचालींत त्याचं सगळं शरीर येतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस पुरेत. स्क्वॉट ४० किलोपासून, पाच-पाच रेपचे तीन सेट. तिन्ही सेट नीट झाले तर पुढच्या खेपेला अडीच किलो जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची एकेक प्लेट. चार आठवड्यांत बारा खेपा होतात आणि सगळं सुरळीत चाललं तर बाराव्या खेपेला रॉडवर साडेसदुसष्ट किलो असतात. डोक्यावर ढकलण्याच्या व्यायामात मात्र ही चाल लवकर अडते, कारण तिथले स्नायू लहान. ३० किलोवरून एकदम ३५ वर जाणं म्हणजे सहाव्या हिश्शाची उडी, आणि अडीच किलोची वाढ म्हणजे बाराव्या हिश्शाची. सव्वा किलोच्या प्लेट ज्या व्यायामशाळेत नाहीत, तिथली मुलं खांद्यात अडकतात याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. व्यायामशाळा चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, नवं मशीन घेण्याआधी लहान प्लेटचे दोन जोड घ्या.

ही सरळ चढण कायम राहत नाही. काही महिन्यांनी एकाच वजनावर दोन खेपा सलग फसतात, तेव्हा नियम बदलावा लागतो. वजन दहाव्या हिश्शाने उतरवून पुन्हा चढत यायचं. तरीही तिथेच अडलं तर वजन तेच ठेवून आधी रेप वाढवायचे. तिन्ही सेटमध्ये आठाचे बारा झाले की वजन वाढवून पुन्हा आठावर यायचं. त्याहीपुढे गेलेल्यांना जड, मध्यम, हलके असे दिवस आणि दर काही आठवड्यांनी एक उताराचा आठवडा लागतो. पुस्तकाचा मोठा भाग या टप्प्यांवर खर्च झाला आहे, कारण मुलं सोडून जातात ती इथे. पहिल्या दोन महिन्यांत रॉडवरचं वजन झपाट्याने वाढतं, पण दंडाची फीत जेमतेम हलते, आणि मुलगा निराश होतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं की मोरितानी आणि डीव्हरीस यांनी १९७९ मध्येच याचा उलगडा केला आहे. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते, आहे तोच स्नायू जास्त नेटाने वापरता येऊ लागतो. आकाराचा वाटा नंतर वाढत जातो. नव्वद दिवसांत शरीर पालटून देण्याची जाहिरात करणारे ज्या काळाची हमी देतात, त्यातला मोठा हिस्सा या शिकण्यातच जातो.

आकार हाच हेतू असेल तर आठवड्याला एका स्नायूच्या वाट्याला किती सेट येतात, याला महत्त्व येतं. आठवड्याला दहा किंवा जास्त सेट करणाऱ्यांत कमी सेटवाल्यांपेक्षा वाढ जास्त दिसते, असं उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित अभ्यास सांगतो. ते सेट एका दिवशी घेतले की तीन दिवसांत वाटले, याने आकारात फारसा फरक पडत नाही, एकूण मेहनत तेवढीच असेल तर. पण ही अट फार मोठी आहे. सोमवारी छातीचे पंधरा सेट मारणाऱ्याचे शेवटचे सहा-सात सेट थकलेल्या हातांनी, उतरलेल्या वजनावर होतात आणि वहीत ते पहिल्यांइतकेच मोजले जातात. म्हणून नवख्याने अवयववार वारांच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप तालमीकडूनच येतो. वह्या-आकडेमोडीशिवाय महाराष्ट्राने मोठे मल्ल घडवले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं ते कोणत्या नोंदवहीच्या जोरावर? वस्तादाची नजर पुरेशी असते, असं म्हणणं आहे. वस्तादाची नजर मीही मोलाची मानतो. रॉड वर जाताना पाठ वाकते का, पोराची झोप झाली आहे का, हे कुठल्याही वहीत दिसत नाही. पण विजेत्यांवरून पद्धत जोखायची तर त्याच हौदात उतरून गुमान घरी गेलेल्यांनाही मोजावं लागेल, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. माणसामाणसांत फरक किती असतो, याचा पुरावा २००५ मध्ये मोनिका ह्यूबल आणि सहकाऱ्यांनी दिला. ५८५ जणांकडून बारा आठवडे एकाच हाताचा एकच व्यायामक्रम करून घेतला. काहींच्या स्नायूचा आकार इंचभरही हलला नाही, उलट मोजमापात दोन टक्के उतरला, तर काहींचा ५९ टक्क्यांनी वाढला. ताकदीत कुणाला काहीच मिळालं नाही, कुणाची अडीचशे टक्के वाढली. एकच कागद पन्नास पोरांना वाटणं यानंतर कुठल्या तोंडाने करायचं? वस्तादाला पाच शिष्य असतात तेव्हा त्याची नजर हा फरक टिपते. संध्याकाळच्या गर्दीत साठ मुलं असतात तेव्हा ते काम वहीलाच करावं लागतं. तारीख, वजन, सेट, रेप आणि शेवटच्या सेटनंतर अजून किती रेप निघाले असते त्याचा अंदाज, एवढे पाच रकाने पुरतात.

वजनाने अंग बांधलं जातं, पैलवान जड होतो, हा दुसरा आक्षेप. अर्धवट हालचालीत वजनं मारणाऱ्यांना पाहून तो रूढ झाला असावा. २०२१ मध्ये झोझे अफोन्सो आणि सहकाऱ्यांनी ताकदीचा व्यायाम आणि ताणाचे व्यायाम यांची तुलना करणारे प्रयोग एकत्र पाहिले. सांध्याची हालचाल वाढवण्यात दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. स्क्वॉट पूर्ण खाली जाऊन करणाऱ्याचं अंग आखडत नाही. अर्थात कुस्तीच्या सरावाचा वेळ खाऊन वजनं मारली तर चपळाई उतरेल, पण त्यात रॉडचा काय दोष?

तिसरा आक्षेप घरातून येतो आणि खानदेशात तो मनापासून केला जातो. दिवसभर शेतात राबणाऱ्याला आणखी लोखंड कशाला उचलायला लावता? शेतीच्या कामाने माणूस काटक होतो यात शंका नाही. पण पन्नास किलोचं पोतं दरवर्षी पन्नास किलोचंच राहतं. शरीर त्याला सरावलं की त्यातून नवी ताकद येत नाही, थकवा मात्र येतो. म्हणूनच हा आक्षेप मी खोडून टाकत नाही, त्यातला अर्धा भाग आराखड्यात घेतो. कापूस वेचणीच्या आणि केळीच्या कापणीच्या दिवसांत वाढ थांबवावी, आठवड्याला दोनच खेपा ठेवाव्यात, आहे ते वजन टिकवावं. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा पुष्कळ कमी मेहनत पुरते. चैत्र-वैशाखात पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखाली दुपारी जड सेट घेणं हा अविचार आहे. पहाटेची वेळ धरावी. आणि जत्रांच्या कुस्त्या ज्याला लढायच्या आहेत, त्याने जड महिने थंडीत आटोपावेत. रशियन क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मातवेयेव यांनी वर्षाचे टप्पे पाडण्याची जी पद्धत मांडली, तिला आपल्या शेतीच्या पंचांगावर बसवणं मुळीच अवघड नाही.

खुराकाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त घबराट तिथे आहे. रॉबर्ट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र तपासले. दिवसाला अंगवजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांनंतर जास्त खाल्ल्याने स्नायूंत आणखी भर पडलेली दिसली नाही. साठ किलोच्या मुलाला हे ९६ ग्रॅम होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सामान्य माणसाला सांगितलेलं प्रमाण ०.८३ ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅम. या दोहोंमधलं अंतर डब्यातल्या पावडरीशिवाय भरून निघतं का? तीनशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ३३ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून २४, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीच्या वरणातून किंवा घुट्यातून २२ आणि अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून १८. बेरीज ९७. धान्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळ आणि दूध भरून काढतात. अंडी खाणाऱ्याला प्रत्येकी सहा ग्रॅम आणखी. पावडर हे विष नाही, दुधातून काढलेलं प्रथिनच असतं, परवडत असेल तर घ्यावं. पण ती नाही म्हणून ताकद वाढत नाही, हे खरं नव्हे. सुईची गोष्ट वेगळी. व्यायामशाळांभोवती मिळणारी स्टिरॉइडची इंजेक्शनं शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पाडतात, हृदयाला इजा करतात, आणि त्यांच्या जोरावर फुगलेल्या अंगाशी आपली तुलना करणारा सचोटीचा मुलगा विनाकारण खचतो. या पुस्तकातला एकही आकडा त्या वाटेने आलेला नाही.

हे पुस्तक तरुण मुलांनाच उद्देशून आहे असं कुणी समजू नये. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना चार किलोचा गोळा फेकायचा असतो, आणि त्यांच्यासाठी वाढीचा नियम अक्षरशः तोच आहे, फक्त पायऱ्या लहान. वयस्करांबद्दल तर १९९० मध्ये मारिया फियातारोन यांनी केलेला प्रयोग पुरेसा बोलका आहे. नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा जुना हर्निया आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. शाळकरी मुलांची उंची वजनांमुळे खुंटते या समजाला पुरावा नाही, पण त्यांनी जाणत्याच्या देखरेखीखाली, हलक्या वजनावर, आधी हालचाल शिकावी.

पहिलं प्रकरण रिकाम्या रॉडवर आहे. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा असतो. गावातल्या व्यायामशाळेतला बहुधा त्याहून हलका असतो आणि त्यावर वजन लिहिलेलं नसतं. प्लेटवर छापलेला आकडाही नेहमी खरा नसतो. तेव्हा वाचकाने आधी किराणा दुकानातल्या किंवा जिनिंगच्या काट्यावर रॉड आणि प्रत्येक प्लेट तोलून घ्यावी, प्लेटच्या मागे खडूने खरं वजन लिहावं, तेच वहीच्या पहिल्या पानावर उतरवावं, आणि मगच पान उलटावं.